कम्युनिटी रेडिओवर शनिवार-रविवारच्या गप्पा: नव्याने माइकपुढे बसणाऱ्यांसाठी

कम्युनिटी रेडिओ म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्याच परिसरातल्या लोकांसाठी चालवलेलं छोटं रेडिओ केंद्र. तिथे नवा माणूस आला की त्याच्या वाट्याला बहुधा शनिवार-रविवारचा अर्धा तास येतो. शेती, आरोग्य, अभंग हे आठवडाभराचे कार्यक्रम जुन्या माणसांकडे वाटलेले असतात. सुट्टीची वेळ मोकळी असते. केंद्रप्रमुख म्हणतात, "गप्पांचा कार्यक्रम कर. चालू घडामोडी, भाषा, पुस्तकं, काहीही घे." या "काहीही"मध्येच नवखा माणूस अडकतो. पहिल्या शनिवारी तो आठवड्याच्या बातम्या वाचून दाखवतो, दुसऱ्या शनिवारी ओळखीच्या प्राध्यापकांना बोलावतो आणि तिसऱ्या शनिवारी त्याच्याकडचे विषय संपलेले असतात.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शनिवार उजाडेपर्यंत आठवड्याची बातमी श्रोत्याने मोबाइलवर दहा वेळा पाहिलेली असते. ती अकराव्यांदा सांगून काही साधत नाही. ज्यांच्या अंगावरून ती बातमी गेली त्यांना बोलतं करणं, हे सुट्टीच्या कार्यक्रमाचं काम. आणि आपल्याकडचे नियमही कम्युनिटी रेडिओला नेमकं तिकडेच नेतात.

आधी नियम, मग माइक

नियम म्हटलं की नवी मुलं तोंड वाकडं करतात, पण हा भाग टाळता येत नाही. भारतात रेडिओवरच्या बातम्या आणि चालू घडामोडी हा आजही आकाशवाणीचा प्रांत आहे. खाजगी एफएमला आणि कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या तयार करून देता येत नाहीत. कम्युनिटी केंद्राला आकाशवाणीचं बातमीपत्र मूळ रूपात किंवा स्थानिक बोलीत उतरवून देता येतं; उतरवताना चूक झाली तर जबाबदारी केंद्राची.

"हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे" असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला होता. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांना रेडिओ केंद्र काढायची वाट मोकळी झाली. बातम्यांचं दार मात्र उघडलं नाही. ते उघडावं असं माझं मत आहे, पण तुमचा शनिवारचा कार्यक्रम ही ती लढाई लढायची जागा नव्हे. परवाना संस्थेचा असतो, तुमचा नव्हे.

बातमी म्हणून धरल्या जात नाहीत अशा काही गोष्टी सरकारने स्पष्ट केल्या आहेत: हवामान आणि रहदारी, सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रम, परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, थेट प्रक्षेपण सोडून खेळांची माहिती, आणि वीज, पाणी, आपत्ती, साथीचे रोग यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना. ही यादी छापून स्टुडिओच्या भिंतीवर लावा. तिच्याशेजारी आकाशवाणीची प्रसारण संहिता लावा, कारण ती कम्युनिटी रेडिओलाही लागू आहे. कुठल्या धर्मावर वा समाजावर हल्ला नको, बदनामी नको, न्यायालयाचा अवमान नको, राजकीय पक्षाचं नाव घेऊन टीका नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावाने टीका नको. आचारसंहिता लागली की निवडणुकीला उभा राहिलेला किंवा राहू पाहणारा माणूस पाहुणा म्हणून नकोच. तो कवी असला तरी नको. निवडणुकीच्या दिवसांत गावोगाव कवी वाढतात.

इतकं सगळं वगळल्यावर उरतं काय, असं वाटेल. पुष्कळ उरतं.

बातमीखालचा विषय

उन्हाळा आहे, टँकर सुरू झालेत. किती टँकर मंजूर झाले, कुणी पाहणी केली, कोण कुणाला काय म्हणालं हे सगळं बातमीत येऊन गेलंय. तुम्ही ग्रामपंचायतीच्या वॉलमनला, म्हणजे नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलवा. रोज पहाटे कुठल्या आळीचा वॉल आधी फिरवायचा हे तो ठरवतो, आणि गावातलं अर्धं राजकारण त्याच्या चावीभोवती फिरत असतं. तो पक्षाचं नाव न घेता अर्धा तास बोलेल आणि श्रोत्याला टंचाई कुठल्याही बातमीपेक्षा जास्त कळेल.

भाषेच्या विषयालाही हेच लागू आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, तेव्हा कितीतरी ठिकाणी त्यावर अभिनंदनाची भाषणं झाली. अभिनंदन अर्धा तास पुरत नाही. त्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंना विचारा, पहिलीत आलेलं मूल घरून कुठली भाषा घेऊन येतं आणि पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या वाक्याला अडखळतं. मग अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, कोरकू जे काही तुमच्या भागात असेल ते आपोआप बोलण्यात येतं.

जरा अवघड उदाहरण घेऊ. २०२२ च्या अखेरीला कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या गावांवर दावा सांगायची भाषा केली आणि सीमावाद पुन्हा पेटला. त्यामागे पाण्याच्या टंचाईला कंटाळून तिथल्या ग्रामपंचायतींनी काही वर्षांपूर्वी केलेले ठराव होते. याच जत तालुक्यात, जालिहाळला, येरळा वाणी हे कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. अशा ठिकाणी बसलेल्या निवेदकाने काय करावं? "गावं कुणाची?" हा प्रश्न घेतला तर संहिता आडवी येते, आणि खरं सांगायचं तर त्यावर दोन्हीकडून जे बोललं जाईल ते सगळ्यांना पाठ आहे. पण जतमध्ये कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. आजी कन्नडमध्ये बोलते, नातू मराठी शाळेत जातो आणि टीव्ही हिंदीत चालतो अशी घरं आहेत. त्या घरातली सून बाजारात कुठल्या भाषेत घासाघीस करते? भांडण झालं की कोण कुठल्या भाषेवर येतं? मुलाला कुठल्या शाळेत घालायचं हे कुणी आणि कसं ठरवलं? सीमाप्रश्न, पाणी, शाळा, नोकरी हे सगळं त्या उत्तरांत येतं आणि परवान्याला धक्का लागत नाही. मला विचाराल तर ऐकण्यासारखा कार्यक्रमही हाच.

विषय निवडताना मी एक चाचणी लावतो. या विषयावर ज्याच्या हाताला किंवा खिशाला काही लागलंय असा माणूस आपल्या टॉवरच्या टप्प्यात राहतो का? कम्युनिटी रेडिओचं प्रक्षेपण १०० वॅटपर्यंतचं आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत उंच. म्हणजे आवाज सपाट मुलखात दहा-पंधरा किलोमीटर जातो, डोंगर असेल तर त्याहून कमी. त्या वर्तुळात असा माणूस सापडत नसेल तर विषय कितीही मोठा असो, तो आकाशवाणीसाठी सोडा. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत असं धोरणच आहे.

वर्तुळ बदललं की विषयही बदलतो, हे ओघानेच आलं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातून बोलणाऱ्या विद्यावाणीचा श्रोता वसतिगृहात आहे. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीचा श्रोता शेळ्यांमागे, शिलाई मशीनवर किंवा बाजाराच्या वाटेवर. स्पर्धा परीक्षेच्या रखडलेल्या निकालावरचा कार्यक्रम दोन्हीकडे होईल, पण पुण्यात पाहुणा परीक्षार्थी असेल आणि म्हसवडला त्याची आई.

पाहुणा ठरवणं

नवख्यांना वाटतं, पाहुणा जितका मोठा तितका कार्यक्रम चांगला. मोठ्या पाहुण्याची उत्तरं घासून गुळगुळीत झालेली असतात. तो तुमच्या प्रश्नाकडे फार लक्ष देत नाही. त्याच्याकडे तयार असलेलं उत्तर जुळेल असा प्रश्न आला की तो सुरू होतो. सुरुवातीला तरी पहिल्यांदाच रेडिओवर येणारी माणसं शोधा. ती घाबरतात, पण ऐकवतात नवीन.

रेकॉर्डिंगच्या दोन-तीन दिवस आधी फोन करा किंवा भेटा, आणि त्या भेटीत मुख्य प्रश्न विचारू नका. माणूस गोष्ट पहिल्यांदा सांगतो तेव्हा जीव ओतून सांगतो; दुसऱ्यांदा सांगताना "मघाशी सांगितलं तसं" म्हणतो. भेटीत फक्त तीन गोष्टी काढून घ्या: माणूस कुठल्या गोष्टीवर फुलतो, कुठल्या गोष्टीवर गप्प होतो, आणि श्रोत्याला न कळणारे कुठले शब्द वापरतो. प्रश्नांची यादी मागितली तर विषय सांगा, प्रश्न देऊ नका. दिलेत तर तो उत्तरं लिहून आणेल आणि कागद वाचेल. वाचणारा माणूस रेडिओवर लगेच ओळखू येतो.

हाक काय मारायची तेही आधीच ठरवा. गावात ज्यांना अण्णा म्हणतात त्यांना माइकपुढे एकदम "श्रीयुत" केलं तर ते आखडतात. नात्याने हाक मारा, पण "तुम्ही" सोडू नका. स्टुडिओबाहेर तुम्ही एकमेकांना "अरे-तुरे" करत असाल तरी ऐकणारी तिसरी व्यक्ती आहे, तिला ते खटकतं. शिक्षक पाहुणे असतील तर "सर", "बाई" चालतं. मात्र दर वाक्याला "सर, सर" नको. बायकांना बोलवताना वेळेचा विचार त्यांच्या बाजूने करा. दुपारी दोन ते चार या वेळेत येणारी बाई संध्याकाळी सहाला येऊ शकत नाही, आणि आली तर तिचं अर्धं लक्ष चुलीकडे असतं.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्यांदा नाव, गाव आणि "हे रेडिओवर लागणार आहे, माझी हरकत नाही" एवढं पाहुण्याच्या तोंडून घेऊन ठेवा. ते प्रसारणात जात नाही, फाइलमध्ये राहतं.

टिपण किती, कसं

सगळं लिहून काढू नका. पूर्ण लिहायच्या दोनच गोष्टी: सुरुवातीचं निवेदन आणि शेवटचं. मधल्या भागासाठी एका कागदावर पाच-सहा मुद्दे, मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला. कागद पिनने जोडू नका. पान उलटल्याचा आवाज माइक इमानाने पकडतो.

निवेदन लिहिताना मिनिटाला ११०-१२० शब्द धरा. म्हणजे अर्ध्या मिनिटाची सुरुवात साठ शब्दांच्या आत. एवढ्यात कोण बोलणार, कशाबद्दल आणि मी का ऐकावं हे तिन्ही आलं पाहिजे. "नमस्कार श्रोतेहो, आजच्या या धकाधकीच्या जीवनात" याने सुरुवात करणारा श्रोत्याची दहा सेकंदं खातो आणि बदल्यात काही देत नाही. पाहुण्याचा सगळा परिचयही सुरुवातीला नको. पदव्या, पुरस्कार, पुस्तकांची यादी वाचेपर्यंत ऐकणारी बाई भाकरी उलटायला गेलेली असते. एक ओळ आधी, बाकीचं बोलण्यात येऊ द्या.

आकडे कानाने लक्षात राहत नाहीत. "तीन हजार सातशे बेचाळीस" असं लिहिलेलं "पावणेचार हजाराच्या आसपास" करा. एका निवेदनात दोनपेक्षा जास्त आकडे नकोत. नावं मात्र पुन्हा पुन्हा घ्या: रेडिओ मध्येच लावणाऱ्याला कोण बोलतंय ते कळायला हवं, म्हणून दर सात-आठ मिनिटांनी पाहुण्याचं नाव आणि विषय सहज बोलण्यात यायला हवा.

"काल", "आज सकाळी", "परवाच" हे शब्द टिपणातून काढून टाका. कार्यक्रम गुरुवारी रेकॉर्ड होतो, शनिवारी लागतो, रविवारी संध्याकाळी पुन्हा लागतो आणि पावसाळ्यात लाइट गेली तर पुढच्या बुधवारी तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी "काल" वेगळा असतो. "या आठवड्यात" किंवा सरळ तारीख म्हणा.

लिहिलेलं मोठ्याने वाचून पाहा. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य तोडा. जीभ अडखळेल अशा शब्दांवर खूण करा. मराठीत "जरा" म्हणजे थोडंसं आणि "जरा" म्हणजे म्हातारपण. कागदावर दोन्ही सारखे, बोलताना ज वेगळा. घाईत वाचताना चुकीचा ज बाहेर पडतो आणि वाक्याचा अर्थ पाच सेकंद लोंबकळत राहतो. बोली कुठली वापरायची हे विचाराल तर घरी बोलता ती. प्रमाण मराठीचा सोवळेपणा कम्युनिटी रेडिओला शोभत नाही. बोलीची नक्कल मात्र त्याहून वाईट. तुमची नसलेली माणदेशी तुम्ही बोलू नका, पाहुण्याला बोलू द्या.

खोली, माइक आणि पंखा

हा भाग थोडक्यात, कारण यातलं बरंचसं तंत्रज्ञ सांगेल. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, नाकासमोर न ठेवता थोडा तिरका. म्हणजे प, फ, भ म्हणताना फुंकर थेट माइकवर बसत नाही. मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान खेळू द्या. लाल दिवा लागेपर्यंत वर नेलेला आवाज नंतर कशानेही दुरुस्त होत नाही, कमी पातळीचा वाढवता येतो. फाइल वेव्ह (WAV) स्वरूपात, मोनो म्हणजे एकाच पट्टीत.

पंखा बंद. एप्रिलमध्येसुद्धा बंद. पाहुण्याला घाम येईल, म्हणून दहा मिनिटांनी थांबून पुन्हा लावा. मोबाइल सायलेंट करून भागत नाही, फ्लाइट मोडवर टाका. बांगड्या आणि टेबलावर वाजणारी बोटं यांच्यावर लक्ष ठेवा. टेबलावर जाड सतरंजी टाकली तर अर्धा प्रश्न सुटतो. रेकॉर्डिंगच्या आधी दुधाचा चहा देऊ नका, तोंड चिकट होतं. पाणी द्या, चहा नंतर. सगळे गप्प बसून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. संपादन करताना दोन तुकड्यांमधली फट बुजवायला तो लागतो.

पाहुणा दूर असेल, समजा गावातून नोकरीसाठी दुबईला गेलेला कुणी, तर फोनवरचा आवाज रेकॉर्ड करून भागवू नका. बोलणं फोनवर करा, पण त्याला स्वतःच्या दुसऱ्या मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायला सांगा आणि ती फाइल व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधी ऑडिओ म्हणून पाठवली तर ती आक्रसते. दोन्ही आवाज नंतर जुळवता यावेत म्हणून सुरुवातीला दोघांनी एकदा टाळी वाजवायची.

प्रश्न

सगळा कार्यक्रम इथेच तरतो किंवा बुडतो. त्या वॉलमन अण्णांची मुलाखत चालू आहे असं समजा. नवखा निवेदक विचारतो:

"गावातल्या पाणीटंचाईबद्दल आपण काय सांगाल?"

"टंचाई हायच. दरवर्षीचंच हाय. शासनानं लक्ष द्याया पाहिजे."

संपलं. आता निवेदकाकडे दुसरा प्रश्न नाही. चूक अण्णांची नाही. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर आलं. हेच असं करून पाहा:

"अण्णा, पहाटे किती वाजता निघता?"

"साडेचारला. टाकी भरली असंल तर."

"आणि नसली भरली तर?"

"तर निघायचंच न्हाई. पर घरात बी बसता येत न्हाई. फोन सुरू हुत्यात."

"पहिला फोन कुणाचा?"

"वरच्या आळीचा. त्यांच्याकडं शेवटाला पोचतं ना पाणी."

"मग त्यांना आधी का नाही सोडत?"

"वरच्यास्नी द्यायचं तर खालचं वॉल बंद ठेवाया लागत्यात, न्हाईतर पाणी वर चढतच न्हाई. खालच्याला वाटतं, ह्यानं आमचं पाणी तोडलं. एकदा तर चावीच काढून घेतली माझ्या हातातनं."

इथे निवेदकाने गप्प बसायचं. दोन सेकंद, तीन सेकंद. चावी कुणी काढून घेतली, मग काय झालं, हे अण्णा आपणहून सांगतील. नवख्याला शांततेची भीती वाटते, म्हणून तो घाईघाईने "अरे बापरे! बरं, आता पुढच्या प्रश्नाकडे वळूया" म्हणतो आणि हातात आलेला कार्यक्रम सोडून देतो.

या संवादातले प्रश्न किती छोटे आहेत पाहा. एकात एकच गोष्ट. वेळ, जागा, माणूस, कृती. "कसं वाटलं?" हा प्रश्न शक्यतो विचारूच नका, "तेव्हा काय केलंत?" विचारा, वाटणं त्यात येतं. "तुमचा प्रवास कसा झाला?" हा तर पाहुण्याला झोपवायचा हमखास उपाय. आणि "हं, हं", "अगदी बरोबर", "वा वा" हे पाहुण्याच्या बोलण्यावर चढवू नका. समोरासमोर गप्पांत ते चालतं, रेकॉर्डिंगमध्ये ते पुसता येत नाही. मान हलवा, डोळ्यांनी दाद द्या.

अण्णांनी रागाच्या भरात कुणाचं नाव घेतलं तर? तिथल्या तिथे थांबवू नका, ओघ तुटतो. बोलणं संपू द्या, मग सांगा, "अण्णा, हे नाव न घेता पुन्हा एकदा सांगता का?" दुसरी आवृत्ती वापरा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बाजू मांडायला बोलवायची तुमची तयारी नसेल तर आरोप हवेत सोडू नका.

पुस्तकावर बोलायचं असेल तर

साहित्याचा रविवार हा नवख्यांच्या आवडीचा, आणि श्रोत्याच्या कंटाळ्याचा. कारण दोन माणसं एका पुस्तकाबद्दल बोलत असतात जे तिसऱ्याने वाचलेलं नसतं. उपाय एकच, पुस्तक ऐकवा. दीड-दोन मिनिटांचा उतारा, नीट तयारी करून वाचलेला, आणि मग त्या उताऱ्यावरच गप्पा. कविता असेल तर दोनदा: एकदा सुरुवातीला, एकदा बोलणं झाल्यावर. दुसऱ्या वेळी तीच कविता वेगळी ऐकू येते. रेडिओला मराठी लेखकांचं वावडं कधीच नव्हतं. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम करत. बोलल्यासारखं लिहायचं म्हणजे काय हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

उतारा वाचताना हक्कांचा विचार करा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं लेखनावर हक्क असतो, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून होते. केशवसुत, बालकवी, साने गुरुजी आणि १९५६ मध्ये गेलेले मर्ढेकर आता मुक्त आहेत. बहिणाबाई चौधरींच्या कविता त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, त्यामुळे तिथे ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची, तीही संपली. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवर २०५९ अखेरपर्यंत हक्क आहे. समीक्षा करताना चार ओळी उद्धृत करायला कायद्यात जागा आहे. अख्खी कविता किंवा कथा वाचायची तर प्रकाशकाला पत्र लिहून परवानगी घ्या. कविता मुक्त झाली म्हणून तिचं गाणं मुक्त झालं असं मात्र समजू नका. चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात.

पाहुणा लेखकच हवा असं नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांना बोलवा. कुठलं पुस्तक सारखं बाहेर असतं, कुठलं आठ दिवसांनी कोरं परत येतं, कुठल्या पुस्तकाची शेवटची पानं कुणीतरी फाडलीत हे त्यांना माहीत असतं. ही माहिती समीक्षकाकडे नसते.

लेखक आलाच तर "लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?" विचारू नका. पुस्तकातलं एक वाक्य वाचा आणि विचारा, हे आधी असंच होतं का. लेखक खोडलेल्या वाक्यांबद्दल तासभर बोलू शकतो.

कापाकापी

२६-२७ मिनिटांच्या कार्यक्रमासाठी ४० मिनिटांपर्यंत रेकॉर्डिंग पुरे. दीड तास रेकॉर्ड करून "नंतर बघू" म्हणणारे शुक्रवारी रात्री रडतात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. आधी सगळं एकदा न थांबता ऐका, आणि ज्या मिनिटाला तुमचं लक्ष उडालं तो आकडा लिहून ठेवा. तिथे कात्री लावा. सुरुवातीची पाच मिनिटं बहुतेक वेळा सगळीच जातात. माणूस तोपर्यंत सैल झालेला नसतो.

प्रत्येक "अं" काढू नका, माणूस यंत्रासारखा वाटतो. श्वास राहू द्या. उत्तराचा क्रम बदलून अर्थ बदलत असेल तर ते संपादन नव्हे, फसवणूक आहे. शंका असेल तिथे पाहुण्याला तो तुकडा ऐकवा. मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे, आणि तक्रार आली की पहिली मागणी त्याचीच होते.

तयार कार्यक्रम हेडफोनवर तपासून झाला की एकदा साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना ऐका. तिथे न कळलेलं वाक्य श्रोत्यालाही कळणार नाही.

शनिवारनंतर

कार्यक्रमाच्या शेवटी "आपल्या प्रतिक्रिया कळवा" म्हटलं तर कुणी कळवत नाही. एक नेमका प्रश्न विचारा: "तुमच्या आळीत पाणी किती वाजता येतं?" केंद्राच्या व्हॉट्सअॅप नंबरवर आवाजातच उत्तर पाठवा म्हणा. सुरुवातीला दोन-तीन येतील, त्यातला एक केंद्रप्रमुखांच्या मेहुण्याचा असेल. तरी पुढच्या शनिवारी ते लावा, नाव-गाव सांगून, परवानगी घेऊन. स्वतःचा आवाज रेडिओवर लागला की माणूस दहा जणांना सांगतो.

आठवडा असा लावून घ्या: सोमवारी विषय, मंगळवारी पाहुण्याला भेट, गुरुवारी दुपारी रेकॉर्डिंग, शुक्रवारी सकाळी संपादन आणि दुपारी दुसऱ्या कुणाच्या तरी कानाखालून घालणं. पाहुणा ऐनवेळी आला नाही तर लावायला एक पूर्ण तयार, तारीख नसलेला कार्यक्रम कायम बाजूला ठेवा. ग्रंथपालांचा त्यासाठी उत्तम. आणि फाइलला "फायनल", "फायनल नवीन", "खरी फायनल" अशी नावं देऊ नका. तारीख, पाहुण्याचं आडनाव, कितवी आवृत्ती एवढंच लिहा, कारण रविवारी पहाटे ड्यूटीवर असणारा मुलगा तुम्हाला फोन करून उठवणार नाही. त्याला जी दिसेल ती फाइल तो लावेल.